नॉर्टनसाहेबांच्या घराचं आढं

वेसवीच्या नूरुद्दीन मिस्त्रींना मुलगा नव्हता. म्हणून बाणकोटच्या खाडीकाठची घरं शाकारायला ते जात तेव्हा त्यांची थोरली मुलगी ताहिरा बरोबर असायची. ती खाली उभी राहून कौलं वर झेलायला द्यायची, फुटकी वेगळी काढायची, रिपा मोजून ठेवायची. मोठी झाल्यावर तिचं शिडीजवळ जाणं बंद झालं. पण तोवर छपराचं सगळं शास्त्र तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. त्यात पहिला नियम आढ्याचा, म्हणजे छपराचे दोन उतार जिथे मिळतात त्या वरच्या कण्याचा. आढ्यावरची कौलं उत्तरेच्या टोकाकडून बसवायला घ्यायची आणि दक्षिणेला संपवायची. प्रत्येक कौल मागच्यावर थोडं चढतं, त्यामुळे त्याची उघडी कड उत्तरेकडे राहते. पावसाळी वारा येतो दक्षिणेकडून, दर्यावरून. तो कौलांच्या पाठीवरून सरकत निघून जातो, कडेखाली शिरत नाही. वेसवीत हे कुणाला सांगावं लागत नसे.

तिचं लग्न झालं खाडीपलीकडच्या इद्रीस सुताराशी. माणूस शांत, हाताला सफाई, बोलायला कंजूष. सत्तावन्न साली तो कुवेतला गेला आणि शुवैखला एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपात दारं-खिडक्या करू लागला. चार वर्षं त्याने पत्रांतून एकच गोष्ट लिहिली, की मिस्त्री झालो की क्वार्टर मिळेल, क्वार्टर मिळाली की तुम्हाला बोलावतो. एकसष्टच्या नोव्हेंबरात ताहिरा आठ वर्षांच्या जमिलाला घेऊन आगबोटीतून उतरली ती फहाहीलमधल्या दोन खोल्यांत. खोल्यांना नळ होता, पंखा होता आणि डोक्यावर सिमेंटचं सपाट छप्पर होतं. कुवेतमध्ये सगळीच छपरं सपाट. आढं हा शब्दच तिथे कुणाला लागत नव्हता.

इद्रीसला मिस्त्री केलं ते एका घरामुळे. मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर काम करणारे नॉर्टन नावाचे अमेरिकन इंजिनीयर होते. एका कुवेती व्यापाऱ्याने त्यांना समुद्राजवळ घर बांधून भाड्याने द्यायचं कबूल केलं, आणि साहेबांनी आपल्या मुलखातल्या किनाऱ्यावरच्या घराचा नकाशा पुढे केला. बांधकाम घेतलं ते इद्रीसच्याच कंत्राटदाराने, पण त्याच्याकडे उतरत्या छपराचं काम येणारा सुतार एकही नव्हता. कुणीतरी म्हणालं, तो कोकणातला इद्रीस बघा.

नकाशाचे कागद इद्रीसने घरी आणून जमिनीवर पसरले तेव्हा ताहिरा चूल सोडून बघत राहिली. असं घर तिने पाहिलं नव्हतं. भिंतींवर आणि छपरावर एकच पांघरूण, पातळ लाकडी कौलांचं. एकावर एक चढत गेलेल्या ओळी, कोपऱ्यांवरून न तुटता वळलेल्या. एका अंगाला गोल खोली, तिच्यावर टोपीसारखं छप्पर. आणि मोठं छप्पर माडीवरून जे खाली यायला निघालं ते थेट पडवीच्या खांबांवर येऊन टेकलेलं.

"हा घर नाय, मासा हाय," इद्रीस म्हणाला. "खवला बघ कशी."

"मासा तर मासा. तुमना येल ना करायला?"

"भिंतीचा येल. छपराचा येल. हा वरचा काय ता बघ." त्याने बोट ठेवलं ते आढ्यावर. दोन फळ्या काटकोनात जोडून केलेल्या टोप्या, एकीवर एक चढवत आढ्यावरून न्यायच्या होत्या. शेजारी एक बाण होता आणि बारीक इंग्रजीत दोन ओळी. इद्रीसला इंग्रजी येत नव्हतं. ताहिरा सातवीपर्यंत शिकली होती, तिला अक्षरं लागली, अर्थ लागला नाही.

"मुकादमाला विचारलाव?"

"तो बोलला, तू मिस्त्री हायस ना, तुझा तू बघ." इद्रीसने कागदाची वळलेली कड हाताने सपाट केली. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तुझे बावा कसे करायचे गो?"

ताहिराला तेव्हा जे वाटलं ते आठवून पुढे कित्येक दिवस तिला लाज वाटत राहिली. तिला अभिमान वाटला होता. आढं उत्तर-दक्षिण होतं, अगदी वेसवीच्या घरासारखं. ती पटकन बोलून गेली, "उत्तरेकडना घ्यायचा, दखनेला संपवायचा. विचारताव काय!"

आणि इद्रीसने तसंच केलं.

मार्चमध्ये घर पुरं झालं. अहमदीहून साहेबलोक मोटारी घेऊन बघायला आले. पिवळ्या वाळूत ते तांबूस घर परक्या बंदरात नांगर टाकलेल्या गलबतासारखं उभं होतं. मेमसाहेब खूश झाल्या. त्यांच्या चार वर्षांच्या एमीला सांभाळायला बाई हवी होती, ती ताहिरा झाली. शाळा सुटली की जमिलाही तिथेच यायची. दोन महिन्यांत जमिला एमीशी असं फाडफाड इंग्रजी बोलायला लागली की ताहिराने मराठीत विचारलं तरी उत्तर 'यस' आणि 'नो'.

एमीची खोली म्हणजे ती गोल खोली. मोठ्या आढ्याचं उत्तरेचं टोक बरोबर तिच्या खिडकीवर येऊन संपत होतं, आणि खिडकीखाली अंगणात झोपाळा होता.

मेच्या मध्यावर एका दुपारी ताहिरा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कोळंबी सोलत होती. स्वयंपाकी महबूबचाचा श्रीवर्धनचे. तेरा वर्षं कुवेतमध्ये काढलेले, त्यामुळे नव्या माणसाची फिरकी घेणं हा आपला हक्कच आहे असं मानणारे.

"अजून शमाल बघितली नाय ना तू?" ते म्हणाले. "जूनात येते. चाळीस दिवस. तोंडात दात हायत का धूळ हाय ता कळत नाय."

"आमच्याकडे पण वारा असतो, चाचा. दर्यावरना येतो तो."

"तुमचा वारा म्हणजे नवरीचा पंखा." चाचा हसले. "हा वरना येतो, इराकाकडना. गेल्या साली धक्क्यावरच्या गोदामाचे पत्रे उडवून रस्त्यापलीकडे टाकले. एक उंट मेला."

ताहिराच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. "वरना म्हणजे?"

चाचांनी सुरीने दाखवलं. सुरीचं टोक वायव्येकडे होतं, उत्तरेकडे म्हटलं तरी चालेल. ताहिराची नजर सुरीवरून वर गेली, छपराकडे, आढ्याकडे. उन्हात टोप्यांच्या कडा एकामागून एक स्पष्ट दिसत होत्या. सगळ्या कडा उत्तरेकडे तोंड करून, किंचित उघड्या, वाऱ्याची वाट बघत असल्यासारख्या.

"काय झाला गो? बरा वाटत नाय?"

"काय नाय, चाचा. ऊन लागला."

घरी जाईपर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही. एकेक टोपी हातभर लांब, चांगली जड, आणि तिच्यात चार-चार लांब खिळे. पहिली सुटली की दुसरीची कड मोकळी होणार, मग तिसरी. खिळ्यांसकट फळ्या सुटणार त्या उत्तरेच्या टोकाकडून, म्हणजे गोल खोलीवरून, झोपाळ्यावरून. झोपाळ्यावर दुपारभर कोण असतं? एमी आणि जमिला.

इद्रीस आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. ताहिराने ताटातला भात वाढता वाढताच सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. शमाल त्याला माहीत नव्हती असं नव्हे, पाच उन्हाळे त्याने काढले होते. पण वर्कशॉपात शमाल म्हणजे दारं लावून घ्यायची आणि नाकाला फडकं बांधायचं. छपराशी तिचं नातं जोडायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. नातं जुळलं तसा त्याचा घास हातातच थांबला.

"खिळे लांब मारलेत," तो शेवटी म्हणाला.

"राहतील?"

"राहतील." मग थोड्या वेळाने, "राहायला पायजे."

"सांगा ना साहेबांना. उतरवून परत बसवायला किती दिवस, दोन?"

"आणि कंत्राटदार काय मना मिठाई देल? मिस्त्री म्हणून पहिलं काम, ता उलटा केला. क्वार्टर जाल. तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, क्वार्टरीवर हाय, ताहिरा. तुमना परत पाठवतील." तो उठला. "कोणाकडे बोलू नको. चाचांकडे तर नायच."

ती बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अहमदीच्या बाजूला तेलाचा वायू जाळायच्या मोठ्या ज्वाळा दिवसरात्र पेटलेल्या असत. कामावर जाताना ती आधी तिकडे बघे. ज्वाळा उत्तरेकडे झुकलेली असली की वारा दक्षिणेचा, दिवस बरा. सरळ उभी असली तर वारा आता कुठे फिरेल याची धास्ती. मुलींना ती झोपाळ्यावर बसू देईना. एमी रडली की मेमसाहेब येऊन विचारत, आणि ताहिरा खोटंच सांगे, "हॉट, मेमसाब, सन." जमिला कपाळाला आठ्या घालून आईकडे बघे, कारण झोपाळा सावलीत होता.

मेच्या शेवटी ज्वाळा पहिल्यांदा दक्षिणेकडे झुकली. फार नाही, दिव्याची वात फुंकरीने कलावी तेवढी. दुपारी एमी गोल खोलीत झोपली होती, जमिला जमिनीवर चित्र काढत होती. ताहिरा खिडकीशी बसली होती, आणि वरून आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. कुणी नखाने लाकडावर वाजवावं तसा.

"मम्मी, हू इज देअर?" जमिलाने वर बघत विचारलं.

ताहिराने एमीला झोपेतच उचललं, जमिलाचा हात धरला आणि दोघींना खाली स्वयंपाकघरात नेलं. संध्याकाळी वारा पडल्यावर ती अंगणात गेली. झोपाळ्याच्या फळीशेजारी वाळूत खिळा उभा होता. बोटभर लांब, टोक वर. तिने तो पदरात बांधला.

इद्रीसने खिळा हातात घेऊन फिरवला. वाकलेला नव्हता, तुटलेला नव्हता. लाकूड इथल्या उन्हात सुकून आक्रसलं होतं आणि टोपी हलता हलता खिळा आपसूक वर येत बाहेर पडला होता. हे त्याला बघताच कळलं, ते ताहिराला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी निघताना तो ताहिराची नजर चुकवी, आणि ती रागावूही शकत नव्हती, कारण नियम तिने सांगितला होता. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. साहेब घरी होते. सकाळी ज्वाळा पुन्हा दक्षिणेकडे झुकली होती, या वेळी जरा जास्त. ताहिराने चाचांना गाठलं.

"चाचा, साहेबांना एक गोष्ट सांगायची हाय. तुमना इंग्लिश येता."

चाचांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. चेष्टा करायची त्यांची खोड त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. ते म्हणाले, "माझ्या तोंडून नको, बाय. कंत्राटदाराचा भाचा मना रोज भेटतो. तुझ्या पोरीला सांग, ती माझ्याहून बरं बोलते."

अशी ती पाळी आठ वर्षांच्या पोरीवर आली. नॉर्टनसाहेब पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. जमिला आईचा हात धरून समोर उभी राहिली.

"सांग, छपरावरच्या टोप्या उलट्या बसल्यात. वारा खालना शिरेल. त्या उडतील."

जमिलाने सांगितलं. साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"कोण बोलला, विचारतात."

"सांग, मीच बोलतेय. हा खिळा एमीच्या झोपाळ्यापाशी पडला." तिने पदरातला खिळा काढून टेबलावर ठेवला. मग तिला राहवलं नाही. "आणि सांग, बाबांची चूक नाय. उत्तरेकडना घ्या ता मी सांगितला. आमच्याकडे तसा करतात."

जमिलाने नाही म्हणून मान हलवली.

"सांग ना गो."

"नाय सांगत," जमिला हळूच, पण स्वच्छ मराठीत म्हणाली. "तुला घालवून देतील."

ताहिराने तिच्या दंडाला धरून हलवलं, पण पोर तोंड उघडेना. साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मग ते उठले, शिडी मागवली आणि स्वतः वर चढले. मेमसाहेब खाली येऊन उभ्या राहिल्या. वरून साहेबांनी हाताने एक टोपी धरून ओढली. ती हलली, हे खालून सगळ्यांना दिसलं. मेमसाहेबांनी एमीला उचलून छातीशी धरलं आणि ताहिराकडे बघितलं. त्या नजरेत राग होता का आभार, ते ताहिराला कधीच ठरवता आलं नाही.

साहेब उतरले ते थेट टेलिफोनकडे गेले. तासाभरात कंत्राटदार इद्रीसला गाडीत घालून घेऊन आला. काय बोलणं झालं ते अरबीत झालं. ताहिराला एवढंच कळलं की दोन दिवस दिलेत, आणि इद्रीसने मान एकदाही वर केली नाही. नकाशा बाहेर आला. साहेबांनी बाणाशेजारच्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि जमिलाने त्या सांगितल्या. जिकडून मोठा वारा येतो त्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करावी, असं लिहिलं होतं. बाण काढला होता तो साहेबांच्या मुलखातल्या वाऱ्याप्रमाणे. कुवेतच्या वाऱ्याला तोही चुकीचाच होता. साहेब तो बाण बघत बराच वेळ उभे राहिले, पण कंत्राटदारापुढे काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी इद्रीसने सगळ्या टोप्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वाळा आडवी झाली होती. आभाळ वायव्येला मातकट दिसत होतं. चाचा दारातूनच ओरडले, "इद्रीस, आज नको! उद्या कर!" पण उघडं आढं तसंच टाकलं तर वारा छपराच्या आत शिरून सगळी कौलं सोलून काढणार होता, हे इद्रीसला माहीत होतं आणि ताहिरालाही. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक धुराड्याला बांधलं आणि दक्षिणेच्या टोकाकडून सुरुवात केली.

चाचांनी मुलींना आत नेलं. ताहिरा अंगणातच राहिली. दहा वाजता धूळ जमिनीलगत पळत होती. अकराला पायाला वाळू टोचायला लागली. बाराला तिला नवरा नीट दिसेना, फक्त हातोड्याचा आवाज येत होता, आणि तो थांबला की ती पुढच्या ठोक्यासाठी कान लावत होती. लहानपणी ती अशीच खाली उभी राहायची, बावा वर असायचे, आणि तिला तेव्हा कधीही भीती वाटली नव्हती. आता तिला वाटत होतं की आपण वर बघणं सोडलं तर तो पडेल. डोळ्यांत धूळ जाऊन पाणी वाहत होतं तरी तिने मान खाली घातली नाही.

"किती राहिल्या?" ती ओरडली. वाऱ्याने शब्द तिच्याच तोंडात परत कोंबले.

एकदा दोर ताणल्याचा आवाज आला, आणि काहीतरी घसरत घसरत पडवीच्या छपरावर येऊन आदळलं. ती धावली. पडवीच्या कडेला अडकली होती ती एक टोपी. नुसती टोपी. वरून हातोडा पुन्हा सुरू झाला. तिने ती टोपी उचलली, शिडीच्या पाच पायऱ्या चढली आणि हात लांब करून वर धरली. कितीतरी वेळाने धुळीतून एक हात आला आणि तिच्या हातातून टोपी घेऊन गेला. मोठी झाल्यापासून ती पहिल्यांदाच शिडीवर चढली होती. तीही परक्याच्या अंगणात.

शेवटची टोपी गोल खोलीवरची. ती ठोकून इद्रीस उतरला तेव्हा त्याच्या पापण्या पिवळ्या झाल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. तो पायरीवर बसला. ताहिरा त्याच्याजवळ बसली. शमाल तीन दिवस वाहत राहिली. आढ्याची एक टोपी हलली नाही.

कंत्राटदाराने इद्रीसला कुवेतबाहेर घालवलं नाही, एवढं त्याने केलं. साहेबांनी शब्द टाकला असावा असं चाचा म्हणत. पण मिस्त्रीपण गेलं. इद्रीसला पुन्हा शुवैखला, मालाच्या पेट्या ठोकायला पाठवलं. तिथे खोलीत आठ माणसं. फहाहीलची क्वार्टर महिनाअखेरीस सोडायची, आणि क्वार्टरीबरोबर ताहिराचा आणि जमिलाचा इकामा संपायचा.

बांधाबांध करताना जमिला एका कोपऱ्यात बसून होती. तिला कळलं होतं ते एवढंच, की तिने साहेबांना सांगितलं आणि आता तिला बाबांना सोडून जायचं आहे. दोन दिवस ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नव्हती.

"मना वाटला तू गप्प बसशील," इद्रीस ट्रंकेला दोर गुंडाळता गुंडाळता ताहिराला म्हणाला. "तुला इथे राहायचा होता."

"अजून राहायचा हाय."

"मग?"

ताहिराने हातातली चादर तशीच मांडीवर ठेवली. आगबोटीचे आठ दिवस, मग मुंबईचा धक्का, मग खाडीची लाँच, आणि हे सगळं एकटीने, पोरीला घेऊन. आणि तिकडे पोचल्यावर पत्राची वाट बघायची, पत्र आलं नाही तर काय झालं असेल ते मनात आणत राहायचं. एवढं सगळं तिच्यासमोर उभं होतं.

"तो खिळा एमीच्या नायतर जमिलाच्या डोक्यात गेला असता," ती म्हणाली, "तर मी जगले नसते. आता भीती वाटते, पण जगता येल."

इद्रीसने दोराची गाठ दोनदा ओढून बघितली. मग तो कोपऱ्यात गेला, जमिलाजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "चल, मना जरा इंग्लिश शिकव. तिकडच्या वर्कशॉपात कोणी पुढच्या वेळी कागद दाखवला तर बाणाजवळ काय लिवलाय ता मना वाचता यायला पायजे."

जमिलाने नाक पुसलं. आणि पहिलं अक्षर वाळूने माखलेल्या फरशीवर बोटाने काढून दाखवलं.